वाटीभर म्हणजे किती ग्रॅम?

उन्हाळ्यात, पावसाळ्याची बेगमी करण्याच्या दिवसांत, लालबागच्या मसाल्याच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. बेडगी, काश्मिरी, संकेश्वरी अशा मिरच्यांचे ढीग, धणे, खसखस, दगडफूल, तमालपत्र; सारे वजनावर घ्यायचे, भाजायचे आणि डंकावर कुटून घरी आणायचे. या खरेदीतली एक गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. तीन किलो मिरची न्यायला भल्यामोठ्या पिशव्या लागतात. कुटून झाल्यावर मात्र इतर मसाल्याची भर पडूनही सगळे एका डब्यात बसते.

आता परळमधल्या किंवा गिरगावातल्या एखाद्या पिठाच्या गिरणीत चला. (गिरणगावात नुसते 'गिरणी' म्हटले तर कापडाची गिरणी असा अर्थ होई, म्हणून 'पिठाची' म्हणायला हवे.) येथे गोष्ट नेमकी उलटी. डबा काठोकाठ गव्हाने भरून नेला, तर दळलेले पीठ त्याच डब्यात मावत नाही. जाणती गृहिणी म्हणूनच डबा थोडा रिकामा ठेवते. दळल्याने गव्हाचे वजन काही वाढत नाही. उडून आणि गिरणीत चिकटून राहून थोडे कमीच होते.

दोन्हीकडे आपण एकच क्रिया केली: मोठ्या वस्तूचे बारीक कण केले. मग एकीकडे आकारमान घटले आणि दुसरीकडे वाढले, हे कसे? या कोड्याचे उत्तर मिळाले, की 'एक वाटी म्हणजे किती ग्रॅम' या स्वयंपाकघरातल्या नेहमीच्या प्रश्नाचेही उत्तर मिळते. त्याचे उत्तर एका आकड्यात का देता येत नाही, तेही कळते.

द्रवांपुरते आपले पाठ्यपुस्तक पुरेसे आहे. घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो, दुधाचा थोडा अधिक, सुमारे १०३० ग्रॅम. गोडेतेल पाण्यावर तरंगते, म्हणजे हलके. एका लिटरचे वजन सुमारे ९१० ग्रॅम. तेलाच्या पिशवीवर लिटर आणि ग्रॅम असे दोन्ही आकडे छापलेले असतात. विद्यार्थ्यांना पिशवी वर्गात आणायला सांगून त्यांच्याकडूनच घनता काढून घ्यावी. पाण्याच्या बाबतीत आकडा इतका सरळ येतो तो योगायोग नाही. फ्रान्समध्ये १७९५ साली ग्रॅमची व्याख्याच एक घन सेंटिमीटर पाण्यावरून केली होती. पुढे १९०१ ते १९६४ या काळात लिटर म्हणजे एक किलो पाण्याचे आकारमान, अशी उलटी व्याख्या होती आणि त्यामुळे लिटर हा हजार घन सेंटिमीटरपेक्षा दहा लाखांत अठ्ठावीस भागांनी मोठा ठरत होता. आज दोन्ही व्याख्या पाण्यापासून सुटल्या आहेत. स्वयंपाकघराला या फरकाशी कर्तव्य नाही.

खरी अडचण धान्य, पीठ, साखर, मीठ अशा कणरूप पदार्थांची आहे. वाटीभर तांदूळ म्हणताना आपण वाटीभर तांदूळ घेतच नाही. तांदूळ आणि हवा घेतो. किती हवा, ते पाहण्यासाठी हा प्रयोग करावा. १५० मिलिलिटरची एक वाटी तांदळाने सपाट भरा. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या, सुई नसलेल्या सिरिंजने तीत हळूहळू पाणी सोडा आणि पाणी काठाला येईपर्यंत किती लागले ते मोजा. तांदूळ पाणी शोषू लागण्यापूर्वी हे आटपायला हवे. साधारण साठ-पासष्ट मिलिलिटर पाणी सहज आत जाते. म्हणजे 'भरलेल्या' वाटीचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग रिकामा होता! उरलेल्या ८५ मिलिलिटरमध्ये सुमारे १२५ ग्रॅम तांदूळ बसले होते. १२५ भागिले ८५ केले की दाण्याची स्वतःची घनता मिळते, जवळजवळ १.४७. वाटीतल्या राशीची घनता मात्र १२५ भागिले १५०, म्हणजे ०.८३ एवढीच. या दोन घनता वेगळ्या आहेत, हे एकदा पक्के समजले की पुढचे सारे सोपे जाते. दुसरीला आपण 'राशीची घनता' म्हणू.

राशीची घनता दोन गोष्टींवर ठरते: दाणा स्वतः किती जड आहे, आणि दाणे एकमेकांशेजारी किती दाटीने बसले आहेत. विद्यार्थ्यांना विचारून पाहा: एक डबा वाटाण्यांनी भरला आणि तसाच दुसरा मोहरीने, तर पोकळी कोणात जास्त? बहुतेक जण वाटाण्यांचे नाव घेतील, कारण वाटाण्यांमधल्या फटी मोठ्या दिसतात. मोहरीतल्या फटी लहान असतात खऱ्या, पण त्या संख्येने तितक्याच जास्त असतात. डबा पुरेसा मोठा असेल, तर दोन्हींत पोकळीचा वाटा जवळजवळ सारखाच येतो. गोल दाणे नुसते ओतले तर जागेचा पंचावन्न ते साठ टक्के भाग व्यापतात आणि हलवून हलवून बसवले तर चौसष्ट टक्क्यांच्या आसपास जाऊन थांबतात. फळवाला संत्री रचतो तशी ओळीने रचली, तर चौऱ्याहत्तर टक्के भाग भरतो. याहून दाट रचना शक्य नाही, असे केप्लरने १६११ साली म्हटले. त्याची सिद्धता देण्यासाठी टॉमस हेल्स या गणितज्ञाला १९९८ साल उजाडावे लागले, आणि तीही संगणकाच्या मदतीने.

आकार मोठा-लहान असण्याने पोकळीत फरक पडत नसेल, तर गहू दळल्यावर डबा का ओसंडतो? गव्हाच्या राशीची घनता ०.७८ च्या आसपास असते आणि मोकळ्या कणकेची ०.५५ च्या आसपास. दोन्हींचा मूळ पदार्थ एकच. म्हणजे गव्हाने जागेचा पंचावन्न टक्क्यांहून अधिक भाग व्यापला होता, तर कणकेने जेमतेम अडतीस टक्के. पिठाचे कण एकमेकांना चिकटतात, हे याचे कारण. दोन कणांच्या स्पर्शाच्या जागी रेणूंमध्ये अगदी क्षीण आकर्षण असते. ते गव्हाच्या दाण्यांतही असते. पण दाण्याच्या वजनापुढे ते काहीच नाही. दाण्याचा व्यास दसपटीने कमी केला, तर त्याचे वजन हजारपटीने घटते; चिकटण्याचे बल मात्र साधारण दसपटीनेच घटते. म्हणजे वजनाच्या तुलनेत चिकटपणा शंभरपट झाला! कणाचा व्यास मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या खाली गेला, की वजन हरते आणि चिकटपणा जिंकतो. खाली पडणारा कण घरंगळत खळग्यात जाऊन बसत नाही. जेथे टेकला तेथेच धरून राहतो. अशा कणांच्या कमानी आणि पूल तयार होतात आणि त्यांच्या पोटात हवा राहते.

रवा याच्या मधोमध येतो. त्याचे कण पिठाच्या मानाने मोठे, म्हणून रवा वाळूसारखा ओघळतो आणि पीठ ओघळत नाही. चाळणीतून रवा आपोआप पडतो, पिठाला चाळणी हलवावी लागते. वाटीभर रवा वाटीभर कणकेपेक्षा जड भरतो, तोही याचमुळे. आता मिरचीचे कोडे उरलेच नाही. वाळलेली मिरची ही पोकळ, वाकडी आणि लांबट वस्तू. हवा तिच्या पोटात आणि दोन मिरच्यांच्या मधेही. कुटल्यावर पोटातली हवा गेली आणि वाकडेपणाही गेला. पिठाचा चिकटपणा मिरचीपुडीलाही आहे, पण जेवढी हवा त्याने आत घेतली, त्याहून कितीतरी जास्त आधीच बाहेर पडली होती.

लालबागच्या चिवडा गल्लीत हाच धडा तांदळाच्या रूपाने मांडलेला दिसेल. तांदूळ, त्याचे पोहे, त्याचे चुरमुरे. पदार्थ तोच. पोहे चपटे आणि एकमेकांवर आडवेतिडवे पडलेले, चुरमुऱ्यांच्या तर दाण्यातच हवा. एक किलो तांदूळ सव्वा लिटरच्या डब्यात बसतात. एक किलो चुरमुऱ्यांना दहाएक लिटर जागा हवी.

वाटी 'कशी' भरली, हा यापुढचा प्रश्न. कणकेची वाटी ओट्यावर पन्नास वेळा हलकेच आपटा. पीठ चांगले बोटभर खाली जाते. तांदूळ थोडेसेच बसतात. पीठ चाळून, चमच्याने अलगद वाटीत टाकले, की डब्यात वाटी खुपसून काढले, यावर कणकेच्या वजनात वीस-पंचवीस टक्क्यांचा फरक सहज पडतो. दाटून बसलेल्या कणांची एक गंमत गिरगाव चौपाटीवर पाहता येते. ओहोटीच्या ओल्या वाळूवर पाऊल दाबले, की पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी दिसते. दाबाने पाणी वर यायला हवे, ते उलट खाली जाते! ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८८५ साली याचे कारण सांगितले: लाटांनी हलवून हलवून दाट बसवलेल्या कणांना जागा बदलायची, तर आधी एकमेकांपासून दूर व्हावे लागते. पोकळी वाढते आणि पाणी तीत शिरते.

याहूनही मोठा फरक शिगेचा. सपाट भरणे आणि शीग लावून भरणे यांतला फरक आपल्या बाजारांनी शेकडो वर्षे ओळखला होता आणि त्यावर भांडणेही केली होती. भूमितीने तो मोजू. शीग म्हणजे शंकू. तांदळाच्या ढिगाचा उतार सुमारे ३३ अंशांचा असतो. आपल्या वाटीचे तोंड ८ सेंटिमीटर रुंद असेल, तर शंकूची त्रिज्या ४ आणि उंची सुमारे २.६ सेंटिमीटर. त्याचे घनफळ सुमारे ४४ मिलिलिटर येते. १५० मिलिलिटरच्या वाटीवर ४४ ची शीग, म्हणजे एकोणतीस टक्के जास्त! तेवढ्याच मापाच्या, पण साडेपाच सेंटिमीटर तोंडाच्या उभ्या पेल्यावर शीग फक्त १४ मिलिलिटरची बसते. घनफळात त्रिज्येचा घन येतो, हे त्याचे कारण. विकणाऱ्याला उभे माप प्रिय आणि घेणाऱ्याला पसरट, यामागे एवढे गणित आहे. ब्रिटनमध्ये १८३० च्या दशकात कायद्यानेच शिगेची मापे बंद केली. चमच्याच्या बाबतीत तर शीग जवळजवळ चमच्याएवढीच असते. 'एक चमचा' म्हणता म्हणता दोन पडतात.

आपल्याकडची जुनी मापे पाहिली, तर ती मुळात आकारमानाचीच होती. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. शेरापर्यंत दर पायरीला दुप्पट. म्हणजे ही मापे प्रत्येकी एकदा वापरून एका निळव्यापासून एकतीस निळव्यांपर्यंतचे कोणतेही धान्य मोजता येते. द्विमान पद्धती शिकवताना संगणकाऐवजी या मापांपासून सुरुवात करायला हरकत नाही. घोटाळा असा, की शेर हे नाव वजनालाही होते आणि मापालाही. वजनाचा शेरही एक नव्हता. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, म्हणजे १२.७ किलोंचा, रेल्वेचा पक्का मण ३७.३ किलोंचा. दोन्ही मण चाळीस शेरांचेच. तेव्हा एक शेर ३१७ ग्रॅमचा आणि दुसरा ९३३ ग्रॅमचा! कोकणातल्या घरून परळच्या चाळीत येणारा तांदूळ पायलीने मोजलेला असे, तर १९४३ साली मुंबईत सुरू झालेल्या रेशनचा तांदूळ तोलून मिळे. एकाच फडताळात दोन हिशेब नांदत होते. १९५६ च्या कायद्यानंतर १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने आली आणि बाजार वजनावर गेला. स्वयंपाकघर मात्र मापावरच राहिले, आणि आमच्या मते ते बरेच झाले.

कारण वाटीत एक शास्त्र आहे. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, असे म्हटले की वाटी केवढी, हा प्रश्नच उरत नाही. वाटी अंशातही आहे आणि छेदातही, ती कटते. कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या 'रुचिरा'त प्रमाणे वाटी-चमच्यांची आहेत. तराजू नसलेल्या घरातही ती उपयोगी पडली. अमेरिकेत फॅनी फार्मर यांनी १८९६ सालच्या आपल्या पुस्तकात कपाचा आणि चमच्याचा असाच पुरस्कार केला. 'सपाट भरलेला' यावर त्यांचा विशेष कटाक्ष होता. त्यांच्या देशात कप पुढे ठरावीक मापाचा झाला, सुमारे २३७ मिलिलिटरचा. आपली वाटी कोणी ठरवली नाही. म्हणून एकाच कृतीत वाटी आणि चमचा दोन्ही आले, की थोडी गडबड होते: वाटी लहान-मोठी झाली तरी चमचा तोच राहतो.

मोठी गडबड होते ती मापाची कृती वजनाने करू गेल्यास. उकडीचे मोदक घ्या. एक वाटी तांदळाच्या पिठीला एक वाटी पाणी, हे प्रमाण गिरगावात काय आणि दादरला काय, घरोघर माहीत आहे. आता हल्ली घरोघर आलेल्या डिजिटल काट्यावर कोणी 'समान भाग' म्हणून १०० ग्रॅम पिठी आणि १०० ग्रॅम पाणी घेतले, तर उकड कोरडी होणार आणि पारी चिरणार. वाटीभर पिठीचे वजन सुमारे ८८ ग्रॅम, वाटीभर पाण्याचे १५०. वजनाने पाहिले तर प्रमाण एकास एक नव्हतेच. एकास एक पूर्णांक सात होते. पिठी चाळून हलकी घेतली की दाबून घेतली, यावरही ते बदलते. उकड एखाद्या वर्षी सैल आणि एखाद्या वर्षी घट्ट होते, त्याचे एक कारण तांदळात असेल, पण एक वाटीतही असते. पन्नास जणांचे मोदक करायचे असतील आणि सामान किलोवर आणायचे असेल, तर हे रूपांतर आधी करून ठेवावेच लागते.

ते करायला तराजू लागतोच असे नाही. पाण्याची एक लिटरची बाटली घेऊन आपली वाटी किती वेळा भरते ते मोजा. सहा वाट्या आणि वर दोन तृतीयांश भरली, तर वाटी १५० मिलिलिटरची. मग घरात साखरेचे किलोचे नवे पाकीट येईल, तेव्हा ते वाटीने सपाट मोजत डब्यात भरा. पाकिटावरचे वजन दुकानदाराने तोलून दिलेलेच आहे. आपण फक्त वाट्या मोजायच्या. साखरेच्या आठाला जरा कमी भरतील, म्हणजे वाटीला सुमारे १२८ ग्रॅम. तांदूळ १२५ च्या जवळपास, बारीक मीठ १८०, तेल-तूप १३७, रवा १०५, मोकळी कणीक ८० ते ८५, बेसन ६५ ते ७०. हे आकडे आमच्या अंदाजाची मदत म्हणून घ्यावेत. प्रत्येकाने आपल्या वाटीचे आणि आपल्या हाताचे आकडे स्वतः काढून फडताळाच्या दारावर आतून चिकटवावेत. वर्गातल्या तीस मुलांनी घरून असे आकडे आणले, तर सरासरी आणि विचलन शिकवायला याहून चांगली सामग्री मिळणार नाही. मिठाचा विखार कमी आणि कणकेचा जास्त का येतो, हे मग मुलांनीच सांगावे.

वजन हे तरी अखेरचे सत्य आहे का? मुंबईच्या पावसाळ्यात नाही. पीठ हवेतली आर्द्रता शोषते. दहा टक्के ओलाव्याच्या १०० ग्रॅम पिठात ९० ग्रॅम कोरडे पीठ असते. ओलावा चौदा टक्के झाला, तर ८६ ग्रॅम. काटा दोन्ही वेळा शंभरच दाखवतो. जुलैत कणीक भिजवताना हाताला पाणी कमी लागलेले कळते, काट्याला कळत नाही.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, असे कोणी विचारील. घरच्या भातात मूठभर इकडे-तिकडे झाले तर काही बिघडत नाही, हे खरेच आहे. पण शाळेचे उदाहरण घेऊ. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम धान्य ठरलेले आहे. धान्य येते किलोने, नोंदवहीत लिहिले जाते ग्रॅमच्या हिशेबाने, आणि जेथे शाळेतच शिजते तेथे पातेल्यात पडते डब्याने किंवा वाटीने. प्राथमिकच्या साठ मुलांना ६ किलो तांदूळ हवेत; आपल्या वाटीने सपाट ४८ वाट्या. त्याच ४८ वाट्या शीग लावून घेतल्या, तर पावणेआठ किलोंच्या जवळ जातात. दिवसाला पावणेदोन किलोंचा हा फरक महिन्याच्या बावीस दिवसांत अडतीस किलोंवर जातो. साठा संपतो, नोंदवही जुळत नाही, आणि उत्तर द्यावे लागते ते शिक्षकाला. किंवा ते टाळण्यासाठी महिनाअखेरीस मुलांच्या ताटातला भात कमी होतो. चोरी कोणीच केलेली नसते. एक सपाट माप तोलून त्यावर खूण करून ठेवणे, एवढाच उपाय आहे.

मिठाच्या बाबतीत प्रश्न ताटाचा राहत नाही, जिवाचा होतो. जुलाबाने शरीरातले पाणी जाऊ लागले, की जलसंजीवनीचे तयार पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात विरघळवून द्यावे, हे सर्वांत चांगले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजच्या सूत्राप्रमाणे एका लिटरला साडेवीस ग्रॅम पूड लागते आणि तीत साधे मीठ २.६ ग्रॅम असते. पाकीट नसेल तेव्हा घरी करायचे प्रमाण असे: एक लिटर स्वच्छ पाणी, साखर सहा चमचे सपाट, मीठ अर्धा चमचा सपाट, चमचा ५ मिलिलिटरचा, चहाचा. हिशेब करून पाहा. बारीक मिठाचा अर्धा चमचा म्हणजे ३ ग्रॅम, साखरेचे सहा चमचे म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. प्रमाण बरोबर बसते. पण कोणी चहाच्या चमच्याऐवजी पोह्यांचा चमचा घेतला, किंवा अर्ध्याऐवजी शिगेचा एक घातला, तर मीठ तिप्पट-चौपट होते. रक्तातला सोडियम धोक्याच्या पातळीवर नेण्यास ते पुरेसे आहे, विशेषतः तान्ह्या मुलांत. साखर वाढली तर ती आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब उलट वाढतात. बाळाच्या दूधभुकटीच्या डब्यातला चमचा सपाट भरायचा असतो, दाबायचा नसतो, त्यामागेही राशीच्या घनतेचाच हिशेब आहे.

१९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी वजनाचा मार्ग घेतला. लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा, असे तोललेले मिश्रण कोलकात्यात पिशव्यांत भरून छावणीत नेले जाई आणि पाण्यात विरघळवून नातेवाइकांच्याच हाती दिले जाई. मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होते, ते चार टक्क्यांच्या खाली आले.

पुढे १९८० नंतरच्या दशकात बांगलादेशात 'ब्रॅक' या संस्थेला हेच ज्ञान कोटीभर घरांत न्यायचे होते. तेथे ना काटे होते ना पाकिटे. म्हणून त्यांनी माप निवडले: तीन बोटांच्या पहिल्या पेरापर्यंतची मिठाची चिमूट, एक मूठ गूळ आणि अर्धा शेर पाणी. यात सर्वांत अवघड निघाले पाणी. चिमूट आणि मूठ प्रत्येकीच्या हाताशी होती, पण भांडी घरोघर वेगळी. तेव्हा शिकवणाऱ्या कार्यकर्त्या त्या घरच्याच भांड्यावर अर्ध्या शेराची खूण करून देत आणि आईकडून द्रावण करवून घेत. काही दिवसांनी दुसरी माणसे त्यांतल्या काही घरी जात, आईला पुन्हा द्रावण करायला सांगत, आणि त्याचे नमुने प्रयोगशाळेत नेऊन त्यांत मीठ किती पडले ते मोजत.